आपली बाटली आपण आणावी

आईला मेलबर्नला येऊन तीन आठवडे झाले होते. त्या शुक्रवारी आमच्या टीममधल्या एका मुलीचा निरोप होता. बॉक्स हिलच्या बाजूला एका छोट्या मलेशियन रेस्टॉरंटमध्ये आठ-नऊ जण जेवणार होतो. घरी एकटी बसून काय करणार, म्हणून आईलाही सोबत घेतलं. गाडी माझी रूममेट चालवत होती. ती पीत नाही, त्यामुळे अशा संध्याकाळी स्टिअरिंग तिच्याकडेच असतं.

वाटेत मी म्हटलं, "दोन मिनिटं थांबूया," आणि एका बॉटल शॉपमध्ये शिरले. आईही मागोमाग आली. किराण्याचं दुकान असेल असं तिला वाटलं असावं. आत आल्यावर चारी भिंतींना छतापर्यंत लागलेल्या बाटल्या बघून ती दारातच थांबली. मी चौदा डॉलरची शिराझ घेतली, पैसे दिले, बाटली खाकी कागदी पिशवीत घातली.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "हॉटेलात मिळत नाही का?"

"नाही. तिथे आपली आपण न्यायची."

"आणि त्यांना चालतं?"

"त्यांच्या बोर्डवरच लिहिलंय."

थोडा वेळ विचार करून ती म्हणाली, "म्हणजे घरचा डबा घेऊन हॉटेलात जेवायला जाण्यासारखं झालं हे."

मी हसले, पण तिचं बरोबर होतं. आपण 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे' अशा पाट्यांखाली मिसळ खाऊन मोठे झालो. पाण्याची बाटली बाहेर काढली तरी वेटर वळून बघतो. आणि इथे या शहरात शेकडो रेस्टॉरंटांच्या काचेवर तीन अक्षरं रंगवलेली असतात: बीवायओ. ब्रिंग युअर ओन. तुमची तुम्ही आणा. आम्ही ग्लास देऊ, उघडून देऊ, आणि त्याचे थोडे पैसे घेऊ. त्या पैशांना म्हणतात कॉर्केज.

आई त्यानंतर रेस्टॉरंट येईपर्यंत काही बोलली नाही. तिच्या गप्प बसण्याचं कारण मला ठाऊक होतं. त्याकडे मी येणार आहे. पण त्याआधी या तीन अक्षरांची गोष्ट सांगायला हवी, कारण त्या रात्रीनंतर मी ती शोधत बसले आणि ती शोधताना पुन्हा पुन्हा आमच्याच गावात येऊन पोचले.

सहाची घाई

मला आधी वाटलं होतं की बीवायओ ही गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी कुणीतरी काढलेली टूम असेल. तसं नाही. हे मूल एका बंदीच्या पोटी जन्माला आलं.

१९१६ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, ऑस्ट्रेलियातल्या राज्यांनी एकामागून एक दारूचे गुत्ते संध्याकाळी सहाला बंद करायला लावले. सुरुवात साउथ ऑस्ट्रेलियाने केली. त्याच वर्षी न्यू साउथ वेल्स, टास्मानिया आणि मेलबर्न ज्याची राजधानी आहे ते व्हिक्टोरिया राज्य, तिघंही त्यात आले. पुढच्या वर्षी न्यूझीलंड. युद्धकाळात काटकसर हवी, शिस्त हवी, हे एक कारण. सिडनीजवळच्या छावणीतल्या सैनिकांनी फेब्रुवारी १९१६ मध्ये दारूच्या नशेत केलेला दंगा, हे दुसरं. पण खरी ताकद होती ती कित्येक वर्षं चाललेल्या दारूविरोधी चळवळीची, आणि त्या चळवळीचा कणा होत्या बायका.

या बायकांना आज थोडं चेष्टेने आठवलं जातं. चर्चला जाणाऱ्या, कडक कॉलरच्या, दुसऱ्याची मजा बघवत नसलेल्या. पण त्यांचा हिशेब सरळ होता. नवऱ्याचा पगार कामावरून घरी येताना गुत्त्याच्या दारावरून जातो. दार बंद असेल तर पगार घरी पोचतो. याच बायकांनी १८९१ साली व्हिक्टोरियात स्त्रियांच्या मताधिकारासाठी घरोघर फिरून सुमारे तीस हजार सह्या गोळा केल्या होत्या. कापडावर चिकटवलेला तो अर्ज आजही जपून ठेवलेला आहे. उलगडला तर सुमारे २६० मीटर लांब होतो. मत आणि दारू हे दोन विषय त्यांच्या दृष्टीने वेगळे नव्हतेच. मत कशाला हवं, तर गुत्ता बंद करायला.

सहाचा नियम युद्धापुरता असेल असं लोकांना वाटलं. तो व्हिक्टोरियात पन्नास वर्षं टिकला.

आणि त्याने काय केलं? कामं सुटायची पाचला. गुत्ता बंद सहाला. म्हणजे हातात एक तास. त्या एका तासात शहरातले पुरुष खांद्याला खांदा लावून उभ्या उभ्या जितकी बिअर पोटात जाईल तितकी ओतत. याला नावच पडलं 'सिक्स ओक्लॉक स्विल'. स्विल म्हणजे डुकरांपुढे ओततात ते खरकटं. बारमधल्या खुर्च्या-टेबलं गेली, कारण बसायला जागा दिली तर माणसं कमी मावतात. भिंतींना खाली टाइल्स लागल्या, कारण सहानंतर पाण्याचा पाइप मारून सगळं धुऊन काढता यावं. काही ठिकाणी बारमन नळीला लावलेली तोटी घेऊन काउंटरवरून फिरत ग्लास भरत जायचा.

माझ्या धंद्यात याला ओळखीचं नाव आहे. तुम्ही सिस्टिमवर मर्यादा घालता, ट्रॅफिक कमी होईल या आशेने. ट्रॅफिक कमी होत नाही, ते एका ठरावीक मिनिटाला एकदम येऊन आदळतं. पण हा विनोद मी इथेच थांबवते, कारण त्या तासाच्या शेवटी घरी पोचणाऱ्या माणसाची वाट बघणारं कुणीतरी असायचं, आणि ते सर्व्हर नव्हतं.

कॉफीच्या कपातली वाइन

या सगळ्यात रेस्टॉरंटांचं काय? त्यांचं फार वाईट होतं. दारू विकण्याचा परवाना मुख्यतः हॉटेलांकडे, म्हणजे गुत्त्यांकडे. नुसतं जेवण देणाऱ्या छोट्या खानावळीला तो मिळणं जवळजवळ अशक्य. ऑस्ट्रेलिया तेव्हा बिअरचा देश होता. वाइन बनायची, पण बरीचशी गोड आणि कडक, पोर्ट-शेरीच्या जातीची. जेवणासोबत लाल किंवा पांढरी वाइन घेणं ही परक्यांची सवय समजली जाई.

आणि मग परके आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाने युरोपातून माणसं आणायला सुरुवात केली. तेव्हाचं धोरण उघडउघड गोऱ्यांपुरतं होतं, हेही सांगायला हवं. आपल्यासारख्यांना दार बंदच होतं. मेलबर्नला इटालियन आले, ग्रीक आले. कार्लटन भागातल्या लायगन स्ट्रीटवर इटालियनांनी कॉफीची यंत्रं लावली, पास्ता शिजवला. त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर वाइनची बाटली पाण्याच्या तांब्यासारखी असायची. त्याच रस्त्यावर १९३५ पासून जिमी वॉटसन नावाच्या माणसाचा वाइन बार होता, आणि विद्यापीठातली मंडळी तिथे ग्लासभर वाइन चाखायला शिकत होती. पण समोरच्या खानावळीत जेवताना तीच वाइन मागितली तर मालक हात वर करायचा.

यावर लोकांनी उपाय काढलेच. त्या काळातल्या आठवणींत एक चित्र वारंवार येतं: जेवणाच्या टेबलावर कॉफीचे कप, आणि कपात वाइन. बाटली टेबलाखाली पायाशी. पोलीस आला तर सगळे कॉफी पीत आहेत. आपल्याकडच्या ढाब्यांवर स्टीलच्या ग्लासातून काय काय प्यायलं जातं हे ठाऊक असणाऱ्यांना हे चित्र नवीन वाटणार नाही.

१९५६ साली मेलबर्नला ऑलिंपिक होतं. जगभरचे पाहुणे येणार आणि संध्याकाळी सहाला शहर कुलूपबंद, याची सरकारला लाज वाटायला लागली. मार्चमध्ये सार्वमत घेतलं: बंदची वेळ दहा करायची का? मतदार म्हणाले, नाही. स्पष्ट बहुमताने नाही. नोव्हेंबरमध्ये ऑलिंपिक झालं ते सहाच्या नियमासकट.

हे वाचताना मी थबकले. आजच्या लेखांतून असा सूर असतो की सहाचा नियम हा मूर्खपणा होता आणि सगळ्यांना तो नकोसा झाला होता. पण चाळीस वर्षं त्या नियमात जगलेल्या लोकांनी, विचारल्यावर, तो ठेवला. त्या 'नाही'मध्ये बायकांची मतं किती हे मतपेटी सांगत नाही. मला मात्र अंदाज करावासा वाटतो.

परवाना नसलेल्यांचा परवाना

दार उघडलं ते आयोगाने. १९६३ साली व्हिक्टोरिया सरकारने दारूच्या कायद्यांचा अभ्यास करायला फिलिप डेव्हिड फिलिप्स या ज्येष्ठ वकिलाचा आयोग नेमला. त्याच्या अहवालानंतर १ फेब्रुवारी १९६६ पासून गुत्ते रात्री दहापर्यंत उघडे राहू लागले. योगायोग असा की दोनच आठवड्यांनी, १४ फेब्रुवारीला, देशाचं चलनही पौंडावरून डॉलरवर गेलं. एका महिन्यात घड्याळ आणि पाकीट दोन्ही बदललं. १९६८ साली व्हिक्टोरियात दारूनियंत्रणाचा नवा कायदा आला. आणि त्या दशकातल्या या सगळ्या बदलांत, टेबलाखालच्या त्या बाटलीला टेबलावर यायची परवानगी मिळाली. दारू विकायचा परवाना नसलेल्या रेस्टॉरंटात गिऱ्हाइकाने आपली बाटली आणून प्यावी, याला कायद्यानेच मान्यता दिली.

कल्पना करा तुम्ही नुकते या देशात आलेले आहात. स्वयंपाक उत्तम येतो. भाषा अर्धवट येते. भांडवल म्हणजे नातेवाइकांकडून घेतलेली उसनवारी. दारू विकायचा पूर्ण परवाना महाग आणि किचकट. शिवाय तो मिळाला तरी वाइनचा साठा विकत घ्यायला पैसे लागतात, तो ठेवायला जागा लागते, आणि कुठली वाइन कशाबरोबर जाते हे माहीत असावं लागतं. बीवायओमध्ये यातलं काहीच नको. चार टेबलं, एक शेगडी, धुतलेले ग्लास. बाटलीची गुंतवणूक गिऱ्हाइकाची.

गिऱ्हाइकाचाही फायदा. रेस्टॉरंटात वाइनवर दुप्पट-तिप्पट भाव लावतात, तो वाचला. विद्यार्थी, शिक्षक, कारकून, ज्यांनी कधी बाहेर जेवताना वाइन मागवली नसती, ते दुकानातली स्वस्त बाटली घेऊन जेवायला जाऊ लागले. १९६५ साली साउथ ऑस्ट्रेलियात टॉमस अँगोव्ह या वाइनवाल्याने पुठ्ठ्याच्या खोक्यात पिशवी घालून वाइन विकायची युक्ती काढली. सुरुवातीच्या त्या पिशवीचा कोपरा कात्रीने कापायचा आणि चिमटा लावून बंद करायचा, आपण दुधाची पिशवी वापरतो तसं. वाइन आता खास प्रसंगाची वस्तू राहिली नाही.

१९७० आणि ८० च्या दशकांत मेलबर्नचं जेवण बदललं ते या रेस्टॉरंटांतून. इटालियन आणि ग्रीक होतेच. १९७३ मध्ये गोऱ्यांपुरतं धोरण अधिकृतपणे संपलं. १९७५ नंतर युद्धातून सुटून व्हिएतनामी कुटुंबं आली आणि रिचमंडच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवर फोच्या वाफा निघू लागल्या. मग मलेशियन, थाई, भारतीय. आज मेलबर्नला खाण्याचं शहर म्हणून मिरवतात. त्याचं श्रेय शेफना देतात, बाजारांना देतात. परवाना परवडत नव्हता म्हणून 'तुमची तुम्ही आणा' म्हणणाऱ्यांना त्यातला वाटा द्यायला हवा.

न्यूझीलंडमध्येही साधारण तीच वाट. तिथे १९६१ पर्यंत रेस्टॉरंटांना परवानाच नव्हता, आणि १९७६ साली बीवायओचा वेगळा परवाना आला. आणि पार दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातही. १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठत होती तेव्हा तिथले गव्हर्नर गिफर्ड पिंचॉट कट्टर दारूविरोधी होते. बंदी थोपवता येत नाही तर निदान दारू मिळणं त्रासाचं करून ठेवू, म्हणून त्यांनी विक्री सरकारच्या हातात घेतली. रेस्टॉरंटांचे परवाने लोकसंख्येच्या प्रमाणात मोजून दिले जाऊ लागले. परवाने मोजके, म्हणून महाग. परिणाम: फिलाडेल्फिया आज अमेरिकेत बीवायओचं शहर म्हणून ओळखलं जातं. पिंचॉटसाहेबांना हे अपेक्षित नसावं.

ज्या बाजूला बायका बसत

एक गोष्ट मला इतिहासात शोधावी लागली, कुणी आपणहून सांगितली नाही. सहाच्या त्या गर्दीत बायका कुठे होत्या?

गुत्त्याच्या मुख्य बारमध्ये त्यांना जागा नव्हती. त्यांच्यासाठी वेगळी 'लेडीज लाउंज' असे. ३१ मार्च १९६५ रोजी ब्रिस्बेनच्या रेगाटा हॉटेलमध्ये मर्ल थॉर्नटन आणि रोझली बॉगनर या दोघी गेल्या, बिअर मागितली, नकार मिळाल्यावर त्यांनी स्वतःला बारच्या खालच्या दांडीला साखळीने बांधून घेतलं. क्वीन्सलँडने तो कायदा बदलायला आणखी पाच वर्षं घेतली.

बीवायओ रेस्टॉरंटात ही भिंत नव्हतीच. तिथे बारच नव्हता. होतं ते टेबल, आणि टेबलाभोवती जे आले ते सगळे: नवरा-बायको, मैत्रिणी, म्हातारी आई, खुर्चीवर झोपलेलं पोर. प्यायची तर जेवता जेवता, बसून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि आणली असेल तेवढीच. बाटली संपली की संपली.

१९८६ साली जॉन न्यूवेनहायसन या अर्थतज्ज्ञाने व्हिक्टोरियाच्या दारूकायद्याचा पुन्हा आढावा घेतला आणि परवाने सोपे करा, प्यायला बसलेल्याने जेवलंच पाहिजे ही सक्ती काढा, असं सुचवलं. त्यातून मेलबर्नच्या गल्लीबोळांतले छोटे बार उगवले. परवाना स्वस्त झाल्यावर बीवायओची गरजही कमी झाली. आता अनेक ठिकाणी ते फक्त सोमवार-मंगळवारी असतं. कॉर्केज मात्र आहे, आणि गंमत अशी की २००० सालापासून क्लेअर व्हॅलीतल्या रीझलिंगवाल्यांनी बाटल्यांना फिरकीचं झाकण लावायला सुरुवात केली आणि बाकीचेही त्याच वाटेने गेले. माझ्या शिराझलाही कॉर्क नव्हतं. तरी माणशी तीन डॉलर कॉर्केज पडलं.

आपल्याकडेही असे शब्द आहेत. 'परमिट रूम' ही पाटी तुम्ही हजारदा वाचली असेल. कसलं परमिट, असं कधी विचारलंत? मोरारजी देसाईंच्या काळात आलेला १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. त्याखाली पिणाऱ्याकडे परमिट हवं. १९६० मध्ये राज्य दुभंगलं तेव्हा गुजरातने तो कायदा घेऊन बंदी पाळली. महाराष्ट्राने तोच कायदा घेऊन बंदी हळूहळू सैल केली. कायदा कागदावर बंदीचाच राहिला, परमिट पाच रुपयांची औपचारिकता झाली, आणि पाटीवर शब्द उरला. मूळ बग कधीच गेला तरी वर्कअराउंड तसाच राहतो, असं कोडमध्ये रोज दिसतं. कुणी काढायला धजावत नाही, कारण त्यावर आता काय काय उभं आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

उभी, आडवी

आता आई.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. एसटी स्टँडवरून शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यावर देशी दारूचं दुकान होतं. माझे काका तिथेच संपले. कारखान्यात चांगली नोकरी होती त्यांना. शेवटी काकू पगाराच्या दिवशी कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहायची, दुकानाच्या आधी गाठावं म्हणून. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. काका गेले आणि वर्षभराने गावातल्या बायकांनी मतदान मागितलं.

महाराष्ट्रात ही सोय आहे. गावातल्या पुरेशा बायकांनी मागणी केली की दारूच्या दुकानावर मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद कर. आडवीला निम्म्याहून जास्त मतं हवीत, आणि तीही आलेल्या बायकांच्या निम्मी नव्हे, मतदार यादीतल्या बायकांच्या. म्हणजे जी घरी राहिली तिचं मत आपोआप दुकानाला. आई आणि काकू महिनाभर घराघरांत फिरल्या. माहेरी गेलेल्यांना निरोप पाठवले, मुंबईला असलेल्यांसाठी जीप केली. आडवी बाटली जिंकली.

बॉक्स हिलचा इतिहास वाचताना माझ्या हातून फोन खाली ठेवला गेला तो इथे. १९२० साली व्हिक्टोरियात भागाभागांत मतदान झालं: तुमच्या भागात दारूचे परवाने राहू द्यायचे की नाही? मेलबर्नच्या पूर्वेकडच्या कॅम्बरवेल आणि बॉक्स हिलच्या लोकांनी म्हटलं, नको. तिथले गुत्ते बंद झाले. त्यानंतर जवळजवळ शतकभर त्या पट्ट्यात रेस्टॉरंटाला दारूचा परवाना हवा असेल तर आसपासच्या रहिवाशांचं मतदान घ्यावं लागे. ज्या भागात मी आईला घेऊन बाटली नेली, तो शंभर वर्षांपूर्वी बायकांनी आणि पुरुषांनी मिळून आडवी केलेला भाग होता.

त्या रात्री हे मला माहीत नव्हतं.

टेबलाशी आम्ही नऊ जण होतो. चार बाटल्या आल्या होत्या. रेस्टॉरंटची मालकीण, आईच्याच वयाची, स्वतः ग्लास घेऊन आली. निरोप असलेल्या मुलीचे सासू-सासरे होते, एका सहकाऱ्याची दोन वर्षांची मुलगी होती. आईच्या पुढ्यात मालकिणीने न विचारता गरम चहाची किटली ठेवली. मी एक ग्लास घेतला. आईसमोर घेतलेला पहिला. हात थोडा थरथरला, खोटं कशाला सांगू. ती बघत होती, पण माझ्याकडे नाही. ती सगळ्या टेबलाकडे बघत होती, एकेका माणसाकडे, कोण किती घेतंय, कुणाचा आवाज चढतोय का. दोन तासांत कुणाचाच चढला नाही.

परत येताना तिने विचारलं, "ही दारूच ना?"

दोन हजार बावीसच्या जानेवारीत महाराष्ट्र सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला देण्याचा निर्णय घेतला तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे, यावर किती वाद झाला होता ते मला आठवलं. तो मुद्दा माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला.

"हो," मी म्हटलं. "दारूच."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "आमच्या तिकडं म्हणत होते वाइन दारू नव्हं म्हणून."

थोड्या वेळाने मी धीर करून विचारलं, "दुकान बंद झालं त्याचा उपयोग झाला का गं? लोक शेजारच्या गावाला जाऊन प्यायचेच ना?"

"प्यायचेच की. तुझ्या मावसकाकाने त्यासाठी सायकल घेतली." ती जराशी हसली. मग म्हणाली, "पण पोरी शाळेला त्या रस्त्यानं जायला लागल्या. आधी ओढ्याकडनं जात होत्या. तू पण ओढ्याकडनं जायचीस. विसरलीस?"

विसरले होते. ओढ्याची वाट आठवत होती, ती आम्हाला का घ्यावी लागे ते विसरले होते. मला वाटायचं आम्हाला ती आवडते म्हणून.

सहाच्या नियमाला मूर्खपणा म्हणणारे लेख मी त्यानंतरही वाचले. त्यांचे आकडे बरोबर असतील. पिणं थांबलं नाही, ते एका तासात कोंबलं गेलं, चोरून झालं, कॉफीच्या कपात गेलं. पण १९५६ साली 'नाही' म्हणणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी मनात असा एखादा ओढा असेल, हेही मला आता खोडून काढता येत नाही. त्यांना रस्ता हवा होता. बीवायओने पुढे टेबल दिलं, ज्याच्याभोवती त्यांनाही बसता येईल. ते त्यांनी मागितलेलं नव्हतं, आणि ज्यांनी दिलं त्यांनाही आपण हे देतोय असं वाटलं नव्हतं.

माझ्या बाटलीत अर्धीअधिक वाइन उरली होती. आणलेली उरली तर परत नेता येते, म्हणून ती गाडीत सोबत होती. मी मागच्या सीटवर पिशवी टाकली तशी ती कलंडली. आईने हात लांबवून ती उचलली, झाकण दोनदा फिरवून घट्ट केलं आणि दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसली.

"राहू दे गं, आडवी ठेवली तरी चालेल," मी म्हटलं.

"सांडंल," ती म्हणाली. घर येईपर्यंत तिने ती उभीच धरली.